राईल्स, पेग, एफजे : नळीचं टोक कुठे आहे?

रातपाळी • सोमवार, रात्री ११.४०

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बेल वाजवली. "सिस्टर, ह्यांच्या नाकातली नळी थोडी बाहेर आली होती, मी परत आत सारली. आता दूध देऊ ना?" चपला न घालताच खाली पळाले. काका पक्षाघाताचे, तीन महिने अंथरुणाला. नळी नाकाला छान चिकटवलेली, चेहरा शांत, खोकला नाही, धाप नाही. मोबाइलचा टॉर्च लावून तोंड उघडायला लावलं तर पडजिभेच्या मागे नळीचं वेटोळं. टेबलावर प्रोटीन पावडर घातलेलं पाव लिटर दूध तयार. ते सोडलं असतं तर घशात साठून श्वासनळीत उतरलं असतं, आणि काकांना खोकून सांगताही आलं नसतं.

तेव्हापासून यावर लिहायचं मनात आहे. जीएनएम (नर्सिंगचा कोर्स) होऊन २७ वर्षं झाली, त्यातली बरीचशी सर्जरीच्या वॉर्डात आणि आयसीयूत गेली. हल्ली नळीसकट डिस्चार्ज मिळालेले पेशंट घरोघरी आहेत. घरच्यांना कागदावर 'दर दोन तासांनी २०० मिली' एवढंच लिहून मिळतं.

आधी नळीची ओळख. पोटाच्या कातडीतून थेट जठरात जाते ती पेग, लहान आतड्यात जाते ती एफजे. नाकातून जठरात जाते तिला आपण राईल्स म्हणतो, केसपेपरवर आरटी. जॉन राईल हे लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर. त्यांनी १९२१ च्या सुमारास ही बारीक नळी आणली ती जेवण घालायला नव्हे. माणसाला ओटची पेज पाजायची आणि दर पाव तासाने जठरातला रस थोडा थोडा ओढून त्यातलं आम्ल मोजायचं, यासाठी. शंभर निरोगी पुरुषांवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने हा प्रयोग केला होता. म्हणजे मूळ काम बाहेर काढायचं.

आजही सर्जरी वॉर्डात निम्म्या राईल्स त्याच कामाला असतात. आतड्याला अडथळा आला, पोट ढोलासारखं फुगलं, उलट्या थांबेनात, की नळी घालायची, बाहेरचं टोक युरोबॅगला जोडून पलंगाखाली लटकवायचं. बॅगेत काय येतं ते बघायला शिकायला हवं. हिरवं म्हणजे पित्त. कॉफीच्या गाळासारखं काळपट म्हणजे आम्लात नासलेलं रक्त, लगेच डॉक्टरांना हाक. आणि शेणासारख्या वासाचं तपकिरी आलं तर अडथळा बराच खाली आणि बराच वेळचा. नवी मुलगी बॅग ओतून चार्टवर नुसतं '४०० मिली' लिहिते तेव्हा मी विचारते, "रंग?"

नळी हातात घेऊन बघा कधी. साधारण १०५ सेंटिमीटर लांब, एका अंगाला एक्स-रेत दिसणारी रेघ, बंद टोकात बारीक छर्रे, त्याच्या वर बाजूला चार भोकं. टोकापासून ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरवर खुणा. मोठ्या माणसाला १४ किंवा १६ नंबर, नुसत्या फीडसाठी (नळीतून द्यायच्या पातळ अन्नासाठी) १२ सुद्धा पुरते. नंबर म्हणजे फ्रेंच माप, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर जाडी.

घालायची रीत थोडक्यात: पेशंट बसता, नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घ्यायचं, जेली लावायची, नाकपुडीतून वर नाही तर सरळ मागे न्यायची. घशाशी पोचली की हनुवटी छातीकडे झुकवायची आणि शुद्धीत असेल तर घोट घ्यायला सांगायचं. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं, त्या क्षणी नळी पुढे. खोकला, निळेपणा, आवाज बसणं यातलं काही दिसलं की मागे घ्या, जोर नको. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाचं हाड मोडल्याचा संशय असेल तर नाकातून मुळीच नाही, तोंडातून.

हे सगळं दोन महिन्यांत हाताला बसतं. मला बसलं होतं आणि त्याचा तोराही होता. पहिल्याच वर्षी एका नाईटला पुरुष वॉर्डात एका आजोबांना नळी घातली. सुर्रकन गेली. नळीत हवा मारून पोटावर ऐकलं, गुडगुड आली. फीड भरून घेतलं तेवढ्यात राऊंडला आलेल्या इन्चार्ज सिस्टरनी विचारलं, "टोक कुठे आहे?" मी म्हटलं, "सिस्टर, ऐकलं ना, पोटात आहे." त्या म्हणाल्या, "ऐकलंस. बघितलंस का?" एक्स-रे झाला. नळी उजव्या फुप्फुसात. आजोबा अर्धवट शुद्धीत, खोकल्याची ताकदच नव्हती. फीड परत किडनी ट्रेमध्ये ओतताना माझा हात कापत होता.

विचारा काय विचारायचं ते. ड्युटी सांभाळून उत्तरं देईन.


चिंचगूळ • मंगळवार, सकाळी ७.१५

सिस्टर, वाचून काटा आला. आमच्या आजीच्या वेळीही सिस्टरनी सिरिंजने हवा मारून स्टेथोस्कोपने पोटावर ऐकलं होतं आणि 'बरोबर आहे' म्हणाल्या होत्या. मग ते ऐकणं खोटं असतं का?


लीड्सची_पाहुणी • मंगळवार, सकाळी १०.५०

मी देऊ उत्तर? भारतात ११ वर्षं नर्सिंग केलं, आता इंग्लंडमध्ये वॉर्डात आहे. इथे पहिल्याच आठवड्यात मी सवयीने हवा मारायला सिरिंज उचलली तर सोबतच्या नर्सने हात धरला. तिच्या चेहऱ्यावरून वाटलं मी पेशंटच्या खिशात हात घालत होते.

चिंचगूळ, आवाज खोटा नसतो, पण तो कुठून येतोय ते कळत नाही. टोक अन्ननलिकेत असो, फुप्फुसाच्या तळाशी असो, हवेचा बुडबुडा पोटावर ऐकू येतो. छाती आणि पोटाच्या मधे पडदा तेवढा एकच. इथे २००५ मध्येच राष्ट्रीय पातळीवर सूचना निघाली की हवा मारून ऐकण्यावर विसंबू नका. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघण्याचीही तीच गत. चुकीच्या जागी असलेल्या नळीतून फीड देणं ही इथे 'कधीच घडता कामा नये' अशा घटनांच्या यादीत आहे, त्याची चौकशी बसते.

आम्ही काय करतो तर सिरिंजने आतला रस थोडा ओढतो आणि पीएचच्या पट्टीवर टाकतो. ५.५ किंवा त्याखाली आला तर जठर. नाही आला किंवा रसच निघाला नाही तर एक्स-रे. आणि हे एकदाच नाही, दर फीडच्या आधी. रस येत नसेल तर पेशंटला डाव्या कुशीवर करून थोडी हवा सोडायची, म्हणजे टोक जठराच्या भिंतीला चिकटलं असेल तर सुटतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून परत ओढायचं.


रातपाळी • मंगळवार, दुपारी ४.०५

लीड्सची पाहुणी, नेमकं लिहिलंत. आपल्याकडची अडचण सांगते. पट्ट्या बहुतेक वॉर्डांत नसतात. शिवाय जवळजवळ प्रत्येक पेशंट पॅन्टोप्रॅझोलवर असतो, त्याने आम्ल कमी होतं आणि नळी जठरात असूनही पट्टी ६ दाखवते. म्हणून पहिल्यांदा घातल्यावर एक्स-रे, याला मी तरी पर्याय मानत नाही. दोनशे-तीनशे रुपयांवरून नातेवाईक कुरकुरतात, ज्युनियर डॉक्टरही कधी कधी 'राहू दे हो सिस्टर' म्हणतात. मी फीड सोडत नाही, बस्स.

फिल्म हातात आली की आपणही बघावी. नळीची पांढरी रेघ छातीच्या मधोमध सरळ खाली आली पाहिजे. श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथून ती कुठल्याच फाट्यासोबत वळता कामा नये. पडद्याखाली उतरून मग डावीकडे गेलेली दिसली की जीव भांड्यात.


जीएनएम_तिसरं_वर्ष • मंगळवार, रात्री ९.३०

मॅम प्लीज हेल्प, पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहे. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) म्हणे सेंगस्टाकेन ट्यूब टेबलावर ठेवतात आणि विचारतात याच्यासोबत अजून काय ठेवाल. आम्ही ती ट्यूब वॉर्डात एकदाही बघितली नाही 😭 आणि लेव्हिन आणि राईल्समध्ये फरक काय?


रातपाळी • मंगळवार, रात्री १०.२०

कात्री ग, कात्री! उत्तर कात्री.

सेंगस्टाकेन आणि ब्लेकमोर हे दोघे सर्जन, १९५० ची नळी. यकृत खराब झालं की अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरा फुगतात. दारूचे पेशंट आपल्या वॉर्डात काय कमी बघतेस? त्यातली एक शीर फुटली की रक्ताच्या उलट्या. या नळीला दोन फुगे असतात. खालचा जठरात, त्यात २५०-३०० मिली हवा, तो वर ओढून धरायचा म्हणजे जठराच्या तोंडाशी दाब बसतो. वरचा अन्ननलिकेत, लांबट, त्याचा दाब मीटर लावून साधारण ३० ते ४५ मिमी पाऱ्यामध्ये ठेवायचा. तिसरी वाट जठरातलं ओढायला. आता समज, जठरातला फुगा फुटला किंवा हवा गेली, तर ओढ लावलेली असल्याने वरचा फुगा सरकून थेट घशात येणार आणि श्वास बंद. तेव्हा हवा काढत बसायला वेळ नसतो. सगळ्या वाटा एकदम कापायच्या आणि नळी ओढून काढायची. म्हणून कात्री उशाशी, ड्रॉवरमध्ये नाही. मी उशीलाच चिकटपट्टीने लावून ठेवायचे.

हल्ली एंडोस्कोपीने शिरांना रबरी बँड लावतात म्हणून ही नळी दिसत नाही. एंडोस्कोपी होईपर्यंत जीव तगवायला अजूनही कधीतरी निघते. चोवीस तासांच्या वर दाब ठेवत नाहीत, अन्ननलिका सडते.

लेव्हिनच्या टोकात छर्रे नसतात, राईल्सच्या असतात. तेवढं पुरे आहे तुझ्या एक्स्टर्नलला. नळी काढताना काय करशील तेही विचारतील: आधी थोडं पाणी किंवा हवा सोडून नळी रिकामी कर, मग चिमटीत दाबून धर, श्वास रोखायला सांग, एका दमात काढ. दाबली नाहीस तर येता येता उरलेले थेंब घशात पडतात.


गावाकडचा_डॉक्टर • बुधवार, सकाळी ६.४०

उत्तम धागा. एक भर घालतो. कापसाच्या पट्ट्यात प्रॅक्टिस आहे. फवारणीचं औषध प्यायलेला पेशंट आला की सोबतचे पंधरा जण एकच ओरडतात, "पोट धुवा!" नळी घालून पोट धुणं हे आपल्याकडे नातेवाइकांच्या समाधानाचं साधन झालंय. विष पोटात जाऊन तासभर उलटला असेल तर धुण्याने हाती फारसं काही लागत नाही. ऑर्गनोफॉस्फरस जातीच्या कीटकनाशकात आधी श्वासाची वाट, आधी ॲट्रोपिन (त्यावरचा उतारा). छाती पाण्याने भरलेली, तोंडाला फेस, आणि आपण नळी शोधतोय हे मी पाहिलेलं आहे. बेशुद्ध माणसाला श्वासनळीत ट्यूब टाकल्याशिवाय पोट धुतलं तर धुतलेलं पाणीच फुप्फुसात.

रॉकेल प्यायलेलं पोर आणि संडास धुवायचं ॲसिड प्यायलेला माणूस, या दोघांचं पोट धुवायचंच नाही. ॲसिडने भाजलेल्या अन्ननलिकेत आंधळेपणाने नळी घातली तर ती भोक पाडून बाहेर. आणि कृपा करून घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. डबा किंवा बाटली सोबत आणा, तिच्यावरचं नाव आम्हाला हवं असतं.


कृष्णाकाठ • बुधवार, दुपारी १.२०

ताई नमस्कार. सांगली जिल्ह्यातून लिहितोय. वडील ७१, दोन महिन्यांपूर्वी पक्षाघात, उजवी बाजू गेली, गिळता येत नाही. राईल्स आहे. आई आणि मी मिळून करतोय. खरं सांगू, भीती वाटते. प्रश्न बरेच आहेत. घरचं काय काय देता येतं? नळी सारखी तुंबते, गेल्या आठवड्यात तर इसबगोल दिल्यावर साफ बंदच पडली. गोळ्या कशा द्यायच्या? डॉक्टर चांगले आहेत पण गर्दीत एवढं विचारायला होत नाही.


रातपाळी • बुधवार, रात्री ११.५५

कृष्णाकाठ, तुम्ही आणि आई फार कष्टाचं काम करताय. निवांत लिहिते, आज ड्युटी नाही.

इसबगोल नळीतून कधीच नाही. पाणी पिऊन फुगणं हा त्याचा धर्मच आहे, ते नळीत फुगलं. बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांकडून पातळ औषध लिहून घ्या.

घरचं बरंच काही चालतं. मुगाच्या डाळीचं वरण, मऊ भात, उकडलेली भाजी, चमचाभर तेल किंवा तूप, मिक्सरला अगदी गुळगुळीत फिरवून मलमलच्या फडक्यातून गाळायचं. चाळणीने भागत नाही, टोमॅटोचं साल आणि जिऱ्याचे कण तिच्यातून निसटतात. फोडणी नकोच. नाचणीची पेज गरम असताना पातळ दिसते आणि नळीत गार झाली की खळ होते, म्हणून ती जास्तच पातळ ठेवा. दुधाची साय काढा. ताक, उकडलेलं अंडं वाटून, शहाळ्याचं पाणी चालेल, शुगर आणि किडनीचं डॉक्टरांना विचारून. हळदीने नळी पिवळी होते, घाबरू नका. पण नुसतं पाणीदार वरण दिलं तर वजन उतरत जातं, तेव्हा एकदा आहारतज्ज्ञाकडून दिवसाचा हिशेब बसवून घ्या. बनवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका.

आता देताना. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच, तीन उशा रचून नव्हे, कारण त्याने मान तेवढी वाकते आणि पोट दुमडतं. पाठीसकट उंच हवं. नाकाशी नळीवर जिथे ती आत जाते तिथे पक्क्या मार्करने रेघ मारा. आज पहिलं काम हेच. प्रत्येक वेळी आधी रेघ जागेवर आहे का बघा, तोंड उघडून टॉर्चने वेटोळं नाही ना बघा, मग सिरिंजने हलकेच ओढून जठरातलं येतंय का बघा. त्यानंतर ३० मिली पाणी. मग ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं जोडायचं, फीड ओतायचं आणि हात छातीपासून वीतभर वर धरायचा. आपल्या वजनाने उतरू द्या. २०० मिलीला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकललंत तर उलटी किंवा जुलाब. नळकांडं पुरतं रिकामं व्हायच्या आत पुढचं ओता, नाहीतर हवा जाते. शेवटी परत ३० मिली पाणी, नळी चिमटून मग सिरिंज काढायची. अर्धा-पाऊण तास आडवं करू नका, कूसही बदलू नका.

गोळ्या एकेक वेगळ्या कुटून, पाण्यात पूर्ण विरघळवून, प्रत्येकीनंतर थोडं पाणी. सगळ्या एकत्र खलून दिल्या की त्यांचा सिमेंटसारखा लगदा होतो. वेष्टनावर एसआर, एक्सआर, ईआर असं काही असेल ती कुटायची नाही. ती बारा तास हळूहळू सुटायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. पॅन्टोप्रॅझोलच्या गोळीवरचं कवचही कुटू नये. फिट्सची फेनिटॉइन असेल तर तिच्या आधी आणि नंतर तास-दोन तास फीड बंद, नाहीतर औषध फीडला चिकटतं आणि रक्तात पोचत नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा, "नळीतून देण्यासारखं दुसरं रूप मिळेल का?" बहुतेकदा सिरप निघतं.

तुंबली तर कोमट पाणी मोठ्या सिरिंजने, मागे-पुढे हलकेच. लहान सिरिंज लावू नका, तिचा दाब जास्त पडतो आणि नळी फाटते. कोला वगैरे घालायचे प्रयोग नकोत, साध्या पाण्यापेक्षा त्याने काही जास्त होत नाही. तार तर चुकूनही नको. (तार घातलेली मी बघितली आहे. छत्रीची.)

आणि तोंड! नळी आहे म्हणून तोंडातून काही जात नाही, म्हणून तोंड कोणी धूत नाही. दिवसातून दोनदा दात-जीभ पुसा. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत जाते, निम्मे न्यूमोनिया तिथून सुरू होतात असं माझं तरी मत झालंय. नाकाची चिकटपट्टी रोज बदला आणि नळी नाकपुडीच्या कडेला रुतत नाही ना बघा, तिथे व्रण होतो.

गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट मिरजेत-सांगलीत शोधा. पक्षाघातात बऱ्याच जणांचं गिळणं परत येतं. नळी कायमची असं धरून बसू नका.


लीड्सची_पाहुणी • गुरुवार, पहाटे ३.१०

एक धोका राहिला. घरी किंवा वॉर्डात सलाइनची नळी आणि फीडची नळी शेजारी-शेजारी असते. साध्या सिरिंजने फीड शिरेत गेल्याच्या घटना जगभर झाल्या आहेत. इथे फीडच्या सिरिंजा जांभळ्या असतात आणि त्यांचं तोंड शिरेच्या जोडणीत बसतच नाही. तशा मिळत नसतील तर निदान फीडच्या सिरिंजवर ठळक पट्टी लावा आणि जोडण्याआधी नळी हाताने नाकापर्यंत चाचपत जा.


अंगाईवाली • गुरुवार, सकाळी ११.००

एनआयसीयूमधून (नवजात बाळांच्या आयसीयूतून). आमच्याकडची नळी पाच-सहा फ्रेंच, शेवयाएवढी. बाळ सव्वा किलोचं, त्याला चोखता येतं पण चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवडे भरेपर्यंत बसत नाही. तोवर आईचं दूध नळीने, कधी २ मिली, कधी ५. बाळाचा श्वास नाकातून चालतो म्हणून पुष्कळदा नळी तोंडातूनच घालतो. मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. एका आजींनी गाठोड्यातून चांदीचं बोंडलं काढून दिलं होतं, सुनेच्या नवऱ्याचं. उकळून घेतलं आणि वापरलं. नळी असताना आईने बाळाला छातीशी धरून ठेवलं तर दूध पचतंही बरं, हे रोज बघतो.


शुद्धलेखनकर • गुरुवार, दुपारी १२.३५

माहिती चांगली, पण 'फीड', 'राऊंड', 'इन्चार्ज'... 'नासाजठर नलिका' असा सुटसुटीत शब्द असताना हा इंग्रजीचा सोस कशाला?


गावाकडचा_डॉक्टर • गुरुवार, दुपारी १२.५०

काका, रात्री दोन वाजता "सिस्टर, नासाजठर नलिका आणा" म्हणालो तर सिस्टर आधी मलाच ॲडमिट करतील.


ओसरी • गुरुवार, रात्री ८.१५

सासऱ्यांना तोंडाचा कॅन्सर, रेडिएशन सुरू व्हायचंय. राईल्स आहे, पण डॉक्टर म्हणतात लांब चालणार असेल तर पोटातून पेग करू. सासरे म्हणतात नाकात चालेल, पोटाला भोक नको. आम्ही गोंधळलोय. आणि शेजारच्या बेडवर एकांना एफजे होतं, ते वेगळं का?


रातपाळी • शुक्रवार, सकाळी ९.१०

ओसरी, पोटाला भोक म्हटलं की सगळेच दचकतात. राईल्स महिना-सव्वा महिना ठीक. त्यापुढे नाक, घसा सोलवटतो, नळी सारखी बदलावी लागते, माणूस चारचौघांत जायला लाजतो. पेग शर्टाखाली झाकते. १९७९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पहिली पेग केली, लहान मुलांसाठी. पोट न उघडता. एंडोस्कोप जठरात घालतात, त्याचा दिवा पोटाच्या कातडीतून बाहेर उजळलेला दिसतो, ती जागा बोटाने दाबून बघतात आणि तिथून सुई. तोंडाच्या कॅन्सरमध्ये नळी तोंडातून ओढून नेल्यास क्वचित गाठीच्या पेशी पोटाच्या छिद्राशी रुजतात, म्हणून काही ठिकाणी थेट पोटातून घालायची पद्धत वापरतात. हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

नंतर छिद्राभोवती साबण-पाण्याने धुवून कोरडं ठेवायचं. जखम बसली की नळी रोज बोटांनी गोल फिरवायची आणि सांगितल्याप्रमाणे जराशी आत-बाहेर करायची, नाहीतर आतली चकती जठराच्या भिंतीत रुतते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निसटली तर तासा-दोन तासांत दवाखान्यात. छिद्र काही तासांत मिटायला लागतं. आणि पहिल्या महिन्याच्या आत निसटली तर घरी परत खुपसायची नाहीच, जठर पोटाच्या भिंतीला तोवर पक्कं चिकटलेलं नसतं, नळी भलतीकडे जाते. पुन्हा तेच, टोक कुठे आहे.

एफजे लहान आतड्यात, बहुधा अन्ननलिकेच्या ऑपरेशनच्या वेळी घालतात. जठरासारखी साठवायची पिशवी तिथे नाही, म्हणून २०० मिली एकदम ओतलं की मुरडा आणि जुलाब. थेंब-थेंब, तासाच्या हिशेबाने. आम्लही नाही, म्हणजे जंतू मारणारं कोणी नाही, तेव्हा पाणी उकळलेलंच. नळी बारीक, कुटलेल्या गोळ्या नकोत. कातडीला टाका असतो, तो तुटलेला दिसला की त्याच दिवशी दाखवा.


खिडकीपाशी • शुक्रवार, रात्री १०.४५

लिहू की नको असं करत होते. आईला अल्झायमर, शेवटची पायरी. ती तोंड उघडेना तेव्हा नळी घातली. ती उपटायची म्हणून हात बांधले. शेवटचे सहा आठवडे तिने माझा हात धरला नाही, कारण तिचे हात पलंगाला होते. सिस्टर, चुकलं का आमचं?


रातपाळी • शनिवार, पहाटे ५.५०

ताई, तुम्ही आईला उपाशी ठेवायचं नाही म्हणून केलंत. तुमच्या जागी मी असते तर त्या घटकेला कदाचित तेच केलं असतं.

पण बाकीच्यांसाठी लिहायला हवं म्हणून लिहिते. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अशा वेळी नळीपेक्षा हाताने, चमच्याने, जेवढं घेतील तेवढं भरवा. दोन चमचे तर दोन चमचे. आमच्या वॉर्डात हे बोलायला कोणालाच वेळ नसतो. 'नळी घालू का?' असं विचारतात, 'घालून काय होईल?' हे सांगायचं राहतं. हातांबद्दल म्हणाल तर सुती हातमोजे शिवून घालता येतात, बोटं मोकळी न राहिल्याने नळी धरता येत नाही आणि हात मोकळा राहतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.


कृष्णाकाठ • रविवार, दुपारी २.३०

ताई, बुधवारी रात्रीच रेघ मारली. काळा मार्कर मिळाला नाही, धाकटीच्या दप्तरातला निळा. आज सकाळी आईने फीड भरलं आणि मला हाक मारली, "रेघ नाकाशी नाही रे." बघतो तर चार बोटं बाहेर. रात्री कधी खोकल्यात सरकली असेल. बाबा शांत झोपलेले, तोंडात वेटोळं नाही, काहीच कळालं नसतं. आत सारली नाही. फीड ठेवून दिलं, गाडी काढली. दवाखान्यात एक्स-रे काढला, टोक अन्ननलिकेत अडकलं होतं. नवी घातली, परत एक्स-रे काढायला लावला. तिथली सिस्टर म्हणाली, तुम्हाला कोणी शिकवलं?

रेघ परत मारली आहे. स्पीच थेरपिस्टची वेळ मिरजेत मंगळवारची मिळाली. रिकाम्या पोटी न्यायचं की फीड देऊन, तेवढं सांगा.


रातपाळी • रविवार, रात्री ९.००

फीड आणि तपासणी यात दोन तास तरी ठेवा. जाताना त्यांची नेहमीची वाटी आणि चमचा सोबत न्या, आणि दातांची कवळी असेल तर ती विसरू नका.